तळ्याला भरती नसते

मिनेसोटातल्या मराठी लोकांचं एक ठरलेलं असतं. देशातून कुणी आलं की आधी मॉल ऑफ अमेरिका, मग मंदिर, आणि वीकेंडला डुलुथ. मिनियापोलिसवरून अडीच तास, रस्ता सरळसोट, कंटाळा येतो येतो म्हणेपर्यंत शेवटची टेकडी लागते आणि खाली एकदम लेक सुपिरियर पसरलेलं दिसतं, मग गाडीतले सगळे पाहुणे एकच वाक्य बोलतात, "अगं हा तर समुद्रच आहे!" नाहीये हो. तळंच आहे, गोडं पाणी. ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहून थोडं जास्तच, आणि सगळ्यात खोल जागी ४०६ मीटर.

मग कॅनॉल पार्कला जायचं, आइसक्रीम घ्यायचं आणि जहाजाची वाट बघत धक्क्याच्या भिंतीवर उभं राहायचं. जहाज येतं ते ३०० मीटर लांब, ३२ मीटर रुंद, आणि ज्या कॅनॉलमधून ते आत शिरतं त्याची रुंदी सगळी मिळून ९१ मीटर. लिफ्ट ब्रिज वर जातो, जहाज भोंगा देतं, ब्रिज उलटा भोंगा देतो, पोरं कान झाकतात, सगळे व्हिडिओ काढतात. आणि मी तिथे उभी राहून पाहुण्यांना सांगायला लागते की बरोब्बर इथे, हा जो उत्तरेकडचा धक्का दिसतोय ना, इथे १९०५ साली... नवरा तोपर्यंत पार्किंगकडे निघालेला असतो.

तर हे सगळं एकदाचं लिहूनच काढते, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

लोकांना वाटतं जहाजाला भीती खोल पाण्याची. मला या तळ्याबद्दल जितकं वाचते तितकं उलटंच वाटायला लागलंय. चारशे मीटर पाणी खाली असेल तर जहाजाला खालून काहीच लागत नाही, घात होतो तो दारात, म्हणजे बंदराच्या तोंडाशी, नाहीतर जिथे तळातून एखादा खडक गुपचूप वर आलाय तिथे. वादळात सापडलेला कप्तान जिवाच्या आकांताने बंदराकडे पळतो आणि तिथेच पाणी सगळ्यात उथळ, वाट सगळ्यात अरुंद आणि लाटा सगळ्यात वेड्यावाकड्या.

डुलुथचं बंदर मुळात वाळूच्या दांड्यामागे लपलेलं आहे. मिनेसोटा पॉइंट आणि त्याला लागून पलीकडचा विस्कॉन्सिन पॉइंट, दोन्ही मिळून सोळा-एक किलोमीटरचा हा दांडा, नद्यांनी आणलेल्या आणि लाटांनी ढकललेल्या वाळूचा. मधे एक नैसर्गिक तोंड, पण ते विस्कॉन्सिनच्या बाजूला, सुपिरियर गावाजवळ. डुलुथवाल्यांना ते कसं चालणार, दोन गावांचं भांडण म्हणजे भांडण, म्हणून त्यांनी १८७०-७१ मध्ये आपल्याच बाजूला दांडा फोडून कॅनॉल काढला. कोर्टाचा मनाई हुकूम यायच्या आत गावकऱ्यांनी रातोरात फावडी-कुदळींनी खणला अशी एक झकास गोष्ट तिथे सांगतात, ती खोटी आहे, काम वाफेवर चालणाऱ्या, तळ उपसणाऱ्या ड्रेजरने केलं. पण गोष्ट ऐकायला मजा येते म्हणून मीही पाहुण्यांना आधी तीच सांगते.

बाबा आले होते तेव्हाची गंमत. आम्ही रत्नागिरीचे, त्यामुळे पाणी दिसलं की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला. भिंतीवरून वाकून बघितलं आणि म्हणाले, "काय गं, आत्ता ओहोटी आहे काय?"

"बाबा, इथे भरती-ओहोटी नसते."

"नसते म्हणजे? चंद्र नाही उगवत तुमच्या अमेरिकेत?"

चंद्र उगवतो, पण चंद्रामुळे या तळ्याचं पाणी वरखाली होतं ते पाच सेंटिमीटरसुद्धा नाही. बाबा थोडा वेळ गप्प. मग विचारलं, "मग बोट लागली तर काढायची कशी?"

हा प्रश्न मी इतकी पुस्तकं वाचून कधी स्वतःला विचारला नव्हता, आणि खरं सांगायचं तर अख्खं प्रकरण या एका प्रश्नात आहे. आपल्याकडे खाडीच्या तोंडाशी होडी वाळूत बसली तर माणसं काय करतात, बिडी ओढत भरतीची वाट बघतात. सहा तासांनी पाणी चढतं आणि होडी आपोआप उचलली जाते. प्रत्येक वेळी तसं होतंच असं नाही म्हणा, मिऱ्याच्या किनाऱ्यावर २०२० च्या निसर्ग वादळात ते बसरा स्टार जहाज येऊन लागलं ते कितीतरी भरत्या आल्या-गेल्या तरी तिथेच, बाबांनी ते उदाहरण मला लगेच ऐकवलंच. पण निदान आशा तरी असते. इथे तीही नाही. लेक सुपिरियरमध्ये जहाज बसलं की बसलं. मग एक तर टगबोटींनी ओढायचं, नाहीतर पोटातला माल दुसऱ्या जहाजात काढून हलकं करायचं.

बरं, पाणी अगदीच स्थिर असतं असंही नाही. वारा एका बाजूने बराच वेळ दाबून वाहिला, किंवा हवेचा दाब बदलला, की अख्खं तळं एका टोकाला चढतं आणि वारा पडला की दुसरीकडे कलंडतं, मग पुन्हा उलटं, परातीत पाणी घेऊन चालताना हिंदकळतं ना तसं. याला सेश म्हणतात. त्यामुळे कॅनॉलमधलं पाणी दिवसातून कितीदा तरी दिशा बदलतं, आत्ता आत शिरतंय तर थोड्या वेळाने बाहेर धावतंय. भरतीचं वेळापत्रक छापता येतं, याचं नाही. बाहेरून वादळाच्या लाटा आत घुसतायत आणि आतून पाणी बाहेर पडतंय अशी टक्कर कॅनॉलच्या तोंडात झाली की तिथे जे काही उसळतं त्यात जहाज सरळ ठेवणं म्हणजे नशीबच.

आता १९०५. नोव्हेंबरची २७ आणि २८ तारीख. नुकतंच एक वादळ होऊन गेलेलं, हवा जरा उघडलेली, सीझन संपत आलेला, बर्फ धरायच्या आत शेवटची खेप मारायची सगळ्यांनाच घाई, त्यामुळे धोक्याची सूचना असूनही जहाजं निघाली. मटाफा नावाचं १३१ मीटरचं स्टीमर लोहखनिज भरून २७ ला दुपारी डुलुथहून निघालं, मागे दोराने बांधलेली नॅस्मिथ नावाची बार्ज, म्हणजे ओढून न्यायची मालनौका. रात्री ईशान्येचं वारं सुटलं, बर्फ, दिसेना काही. कप्तान हंबलने रात्रभर झुंजून शेवटी जहाज माघारी फिरवलं आणि २८ च्या दुपारी परत डुलुथच्या तोंडाशी आला.

त्याच्या थोडंच आधी एलवूड नावाचं जहाज कॅनॉलमध्ये शिरलं होतं, एकदा या धक्क्याला आपटून एकदा त्या धक्क्याला, पण शिरलं, आणि आत येऊन उथळ पाण्यात बुडालं. माणसं वाचली. म्हणजे वाट अगदीच बंद नव्हती. हंबलने हिशोब केला की बार्ज ओढत या फटीतून जाणं शक्य नाही, म्हणून नॅस्मिथला बाहेरच नांगरावर सोडलं आणि एकटा कॅनॉलकडे वळला. किनाऱ्यावर अख्खं गाव जमलेलं, दहा हजार माणसं होती म्हणतात.

जहाजाचं नाक धक्क्यांच्या मधे आलं आणि तेवढ्यात मागून प्रचंड लाट आली, तिने जहाजाचं बूड उचललं. बूड वर गेलं की नाक खाली जाणारच, आणि खाली होता तळ. नाक तळाला आपटलं, जहाज अडखळलं, पाण्याच्या लोंढ्याने मागचा भाग फिरवून उत्तरेच्या धक्क्यावर आदळला, सुकाणू गेलं, मग लाटांनी त्याला कॅनॉलबाहेर ढकलून गोल फिरवलं आणि धक्क्याच्या उत्तरेला उथळ पाण्यात बसवलं. किनाऱ्यापासून जेमतेम दोनशे मीटर. थोड्या वेळात मधोमध मोडलं.

दोनशे मीटर म्हणजे किती ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. माणसाचा चेहरा ओळखू येणार नाही, पण हात हलवलेला दिसतो. आणि तिथली माणसं हात हलवतच होती. त्या वेळी नेमकं जीवरक्षक दल तिकडे मिनेसोटा पॉइंटवर, कारण आर. डब्ल्यू. इंग्लंड नावाचं आणखी एक जहाज त्याच दिवशी तिथे वाळूत जाऊन बसलं होतं. ते धावत आले, छोट्या तोफेने दोर फेकले, पण दोर गोठत होते, तुटत होते, होडी घालणं अशक्य. अंधार पडला. गावाने किनाऱ्यावर शेकोट्या पेटवल्या, रात्रभर लोक उभे. जहाजावर २४ जण. पुढच्या भागातल्यांना कप्तानाने रात्रभर झोपू दिलं नाही, हलत ठेवलं. मागच्या भागात अडकलेल्यांना ना उब ना आडोसा, सकाळी होडी पोचली तेव्हा नऊ जण गेलेले होते, काहींची शरीरं कुऱ्हाडीने बर्फ फोडून काढावी लागली. पंधरा वाचले.

आणि ज्या नॅस्मिथला बाहेर मरायला सोडलं असं सगळ्यांना वाटलं, ती बार्ज नांगरावर रात्र काढून सहीसलामत राहिली. बाहेर, मोकळ्या पाण्यात. मला राहून राहून हेच डोक्यात येतं. कप्तानाला दोष द्यायचा नाहीये, त्याच्या जागी कुणीही दाराकडेच पळालं असतं. मटाफा पुढच्या वर्षी काढली, दुरुस्त केली आणि ती पुढे कितीतरी दशकं चालली, लोखंडाचं एक बरं असतं.

त्या एका वादळात या तळ्यावर २९ जहाजांचं नुकसान झालं आणि त्यातली कितीतरी बुडाली नव्हती, किनाऱ्यावर लागली होती. विल्यम एडनबोर्न आणि तिच्या मागची मदीरा ही बार्ज स्प्लिट रॉकच्या आसपासच खडकांवर गेली. जहाज कंपन्यांनी मग सरकारच्या मागे लागून कड्यावर दीपगृह बांधून घेतलं, तेच हे स्प्लिट रॉक लाइटहाऊस, १९१० ला सुरू झालं, १९६९ ला बंद, आणि आता मिनेसोटाच्या प्रत्येक कॅलेंडरवर असतं. आपण तिथे फॅमिली फोटो काढतो त्याच्यामागे हे प्रकरण आहे.

त्या बाजूचा किनारा बघून कोकणातल्या माणसाला ओळखीचं काहीतरी वाटतं, कारण दगड तोच, बेसाल्ट. फक्त आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांचा आणि हा ११० कोटी वर्षांचा. जमीन फाटून लाव्हा आला, मग तळ खचला, त्यात हे तळं. म्हणूनच इथले खडक असे धोकादायक, वाळूसारखं हळूहळू उथळ होत नाही, शेदोनशे मीटर खोलीवरून एकदम कडा वर येतो. स्टॅनर्ड रॉक नावाचा असा एक खडक १८३५ मध्ये सापडला, सगळ्यात जवळच्या जमिनीपासून जवळजवळ ४० किलोमीटर आत, त्याच्यावर दीपगृह उभं राहायला १८८२ उजाडलं. त्याहून भारी म्हणजे सुपिरियर शोल (शोल म्हणजे पाण्याखालची उथळ जागा), तळ्याच्या पार मधोमध, माथ्यावर जेमतेम साडेसहा मीटर पाणी, आणि तो नकाशावर आला १९३० च्या आसपास! तोपर्यंत इथे पाऊण शतक मोठी जहाजं धावत होती. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेंच नौदलासाठी बांधलेली इंकरमान आणि सेरिसोल ही दोन नवी जहाजं ७८ माणसांसकट या तळ्यात गायब झाली, आजपर्यंत सापडली नाहीत, आणि बऱ्याच लोकांचा संशय याच खडकावर आहे. पुरावा काही नाही.

संशयावरून एडमंड फिट्झगेराल्ड हे जहाज आलंच. इथे कुणालाही विचारा, सांगेल. ९ नोव्हेंबर १९७५ ला समोरच्या सुपिरियर बंदरातून २६ हजार टन खनिज भरून निघालं, १० तारखेला संध्याकाळी व्हाइटफिश बेच्या आडोशाला पोचायला सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर राहिले असताना रडारवरून नाहीसं झालं, २९ जण गेले. का बुडालं यावर आजही लोक हमरीतुमरीवर येतात. कोस्ट गार्डचं म्हणणं मालाच्या कोठारांच्या झाकणांतून पाणी शिरलं. पण मागून येणाऱ्या आर्थर एम. अँडरसनचा कप्तान कूपर, ज्याने रडारवर बघितलं, त्याचं ठाम मत होतं की फिट्झ कॅरिबू आयलंडजवळच्या सिक्स फॅदम शोलवरून गेलं, तळ घासला, आणि तिथून पुढे हळूहळू पाणी भरत गेलं. दुपारी साडेतीनच्या सुमाराला फिट्झचा कप्तान मॅकसॉर्ली रेडिओवर सांगतो की रेलिंग तुटलंय, दोन व्हेंट, म्हणजे हवेची तोंडं, गेलेत, जहाज कललंय, आणि हे नेमकं त्या उथळ पट्ट्यानंतर. पुढच्या वर्षी कॅनडाने तिथे मोजणी केली तर तो उथळ भाग नकाशात दाखवलाय त्यापेक्षा पूर्वेला मैलभर पसरलेला निघाला. मला विचाराल तर मी कूपरच्या बाजूची, पण जहाजाच्या तुकड्यांनी तसं काही कबूल केलेलं नाही.

सगळं जुनंच नाही हां. १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये सॉक्रेटिस नावाचं परदेशी जहाज डुलुथबाहेर नांगर टाकून आत यायची वाट बघत होतं. समुद्रावरून आलेल्या जहाजांना इथे सॉल्टी म्हणतात आणि तळ्यातच फिरणाऱ्यांना लेकर. वारं इतकं सुटलं की नांगर घसरला आणि ते सरळ मिनेसोटा पॉइंटच्या वाळूत येऊन बसलं, घरांच्या अंगणांसमोर! बघायला ही गर्दी. २०११ मध्ये जुहूला एम. व्ही. विज्डम लागलं तेव्हा चौपाटीवर भुट्टेवाल्यांचा धंदा कसा झाला आठवतंय ना, तसलाच प्रकार, फक्त स्वेटर घालून. सहा दिवस टगबोटी ओढत होत्या तेव्हा कुठे हललं.

आणि २०१६ ची गोष्ट तर जीपीएसच्या जमान्यातली. २७ मे, रॉजर ब्लॉ नावाचं २६१ मीटरचं लेकर, ४५ हजार टन खनिज, व्हाइटफिश बेमध्ये टगने ओढून नेल्या जाणाऱ्या एका जहाजाला ओव्हरटेक करता करता बाजूला सरकलं आणि ग्रो कॅप नावाच्या खडकाळ पट्ट्यावर चढलं. वादळ नाही काही नाही. चौकशीत निघालं की ड्युटीवरच्या अधिकाऱ्याने स्वतःची जागा तपासायला जी जी साधनं समोर होती ती नीट वापरलीच नाहीत. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर इथे बघायला मिळतं: भरती येणार नाही, त्यामुळे दुसरी जहाजं बाजूला आणून लावली, हजारो टन माल त्यांच्यात उतरवला, आणि मग ४ जूनला ते मोकळं झालं. माल घ्यायला आलेल्यात आर्थर एम. अँडरसन होतं. हो, तेच, फिट्झच्या मागचं. रॉजर ब्लॉचं नशीबच फुटकं, २०२१ च्या फेब्रुवारीत हिवाळ्याला उभं असताना त्याला आग लागली.

खोलीचा हिशोब एवढा काटेकोर का, तर पैसा. इथल्या बंदरांची आणि वाटेतल्या नद्यांची खोली साधारण २७ फुटांच्या हिशोबाने राखतात आणि जहाजं अगदी तिथपर्यंत भरतात. हजार फुटी जहाज एक इंच जास्त बुडलं तर २७० टनांपर्यंत जास्त माल. एक इंच! त्यामुळे तळ्याची पातळी उतरली, जशी २०१३ च्या सुरुवातीला शेजारच्या मिशिगन-ह्युरॉन तळ्यांची विक्रमी खाली गेली होती, की प्रत्येक जहाज अर्धवट भरून पाठवायचं. आणि इकडे गाळ काही थांबत नाही, विस्कॉन्सिनच्या बाजूची लाल माती पावसात वाहून येते, मोठ्या पावसानंतर तळ्याच्या त्या कोपऱ्यात चहासारखा रंग दिसतो. आर्मी कोअरवाले, म्हणजे लष्कराचं इंजिनिअर खातं, दर वर्षी ड्रेजिंग करतात. कॅनॉलच्या धक्क्यांमुळे वाळूची वाट अडते, एकीकडे साचते आणि दुसरीकडे किनारा खचतो, म्हणून अलीकडे उपसलेली वाळू परत मिनेसोटा पॉइंटच्या बीचवरच नेऊन टाकायला लागलेत, त्यात काय काय कचरा निघतो यावरून गावात वाद आहेच.

बघायला यायचं असेल तर कॅनॉलला लागून मेरिटाइम म्युझियम आहे, फुकट आहे, तिथे जहाजांच्या वेळा लावलेल्या असतात, नाहीतर फोनवर मरीनट्रॅफिक हे जहाजांचं अ‍ॅप बघा. जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या पंचवीस तारखेपर्यंत सू लॉक्स, म्हणजे या तळ्यातून खालच्या तळ्यांत जहाजं उतरवणारे दरवाजे, बंद असतात तेव्हा येऊ नका, काहीही दिसणार नाही. १० नोव्हेंबरला स्प्लिट रॉकचा दिवा मुद्दाम लावतात, फिट्झवरच्या २९ जणांची नावं वाचतात, गर्दी असते, लवकर जा. आणि वारं ईशान्येचं असेल तर धक्क्याच्या टोकापर्यंत जायचा शहाणपणा करू नका, लाट वरून येते, आइसक्रीम तर जातंच.